फास्ट प्राइम लेन्स शार्प आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स वापरून झाली, की फोटोग्राफीची हौस असलेले बरेच जण पुढची लेन्स घेतात ती ५० एमएम एफ/१.८. आकाराने लहान, वजनाने हलकी आणि इतर लेन्सच्या मानाने स्वस्त. मंद उजेडातही फोटो येतो आणि चेहऱ्यामागची पार्श्वभूमी मऊ होऊन विरघळते. पण पहिल्या दिवशीचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले, की अनेकांचा हिरमोड होतो. डोळे किंचित धूसर आणि कान मात्र स्पष्ट! मग प्रश्न पडतात. लेन्स खराब आली का? परत करावी का? की आणखी पैसे घालून एफ/१.४ घ्यावी?

इथे अंदाज चुकला तर खिशाला चाट बसते. चांगली लेन्स उगाच परत जाते, किंवा लेन्समधला खरा दोष परत करण्याची मुदत संपल्यावर लक्षात येतो. धूसर फोटोमागे मुख्यतः चार कारणं असतात: कॅमेरा किंवा समोरचा माणूस हलणं, फोकस चुकणं, फोकसमध्ये येणारा भाग फारच अरुंद असणं आणि लेन्सची काच. पहिली तीन कारणं बाजूला काढल्याशिवाय चौथ्यावर ठपका ठेवता येत नाही.

'फास्ट' आणि 'प्राइम' म्हणजे काय?

जिची फोकल लेंथ बदलत नाही, म्हणजे जिच्यात झूम नसतो, ती प्राइम लेन्स. आणि जिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, खूप मोठं उघडतं ती फास्ट लेन्स. जास्त प्रकाश आल्यामुळे शटर स्पीड जलद ठेवता येतो, म्हणून हे नाव.

एफ/१.८ मधला आकडा म्हणजे फोकल लेंथला छिद्राच्या व्यासाने भागून येणारं उत्तर. ५० एमएम लेन्स एफ/१.८ वर असताना हा व्यास सुमारे २८ मिलिमीटर असतो, एफ/८ वर जेमतेम सव्वासहा मिलिमीटर. १८-५५ एमएमच्या सर्वसाधारण किट लेन्सला ५५ वर झूम केलं, की तिचं छिद्र एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. तिच्या तुलनेत एफ/१.८ वर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. या दहापट प्रकाशाची किंमत शार्पनेसमध्ये मोजावी लागते.

छिद्र पूर्ण उघडल्यावर शार्पनेस का घटतो?

लेन्सच्या मध्यातून जाणारे किरण आणि कडेजवळून जाणारे किरण नेमके एकाच बिंदूवर जुळत नाहीत. कडेचे किरण थोडे जास्त वळतात. याला गोलीय विपथन म्हणतात. त्यामुळे प्रकाशाच्या बारीक ठिपक्याभोवती मंद वलय तयार होतं आणि फोटोवर पातळ धुकं पसरल्यासारखं वाटतं.

प्रकाशशास्त्राच्या प्राथमिक गणितानुसार हा पसरटपणा छिद्राच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे छिद्र एक स्टॉप लहान केलं, तर तो जवळपास एक तृतीयांशावर येतो. एफ/१.८ वर धूसर वाटणारी लेन्स एफ/२.८ वर एकदम कात टाकल्यासारखी का वागते, याचं उत्तर इथे आहे.

याच्याशी झुंज जुनी आहे. जर्मनीतल्या कार्ल झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये 'प्लॅनार' लेन्स तयार केली. भिंगांची जवळपास सममित मांडणी हे तिचं वैशिष्ट्य. आजच्या बहुतेक साध्या ५० एमएम एफ/१.८ लेन्स त्याच घराण्यातल्या आहेत. मात्र हवा आणि काच यांच्यामधले पृष्ठभाग जास्त असल्यामुळे प्रकाश आतल्या आत परावर्तित होई आणि कॉन्ट्रास्ट मार खाई. १९३५ मध्ये झाइसमधल्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा पातळ थर काचेवर चढवण्याची पद्धत शोधली. अशा लेपांमुळे या घराण्याचे दिवस पालटले.

शार्पनेस म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

बोलताना एकच शब्द वापरला जातो, पण त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता: पापणीचे केस एकेक दिसतात की एकमेकांत मिसळतात? दुसरी, कॉन्ट्रास्ट: काळ्या केसाच्या शेजारची त्वचा उजळ राहते की दोन्ही करडे होतात?

एखादी लेन्स तपशील टिपते, पण कॉन्ट्रास्ट कमी असल्याने फोटो निस्तेज दिसतो. एफ/१.४ किंवा एफ/१.८ वर अनेक फास्ट लेन्सची नेमकी हीच तक्रार असते. एडिटिंगमध्ये थोडा कॉन्ट्रास्ट वाढवला, की असा फोटो बराच सावरतो. तपशीलच हरवला असेल तर मात्र तो कोणत्याही स्लायडरने परत येत नाही. म्हणून लेन्स 'सॉफ्ट' आहे असं म्हणण्याआधी यातलं नेमकं काय कमी आहे, ते पाहायला हवं.

लेन्सआधीचे तीन संशयित

*हात.* फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्ससाठी शटर स्पीड किमान १/५० सेकंद ठेवावा, असा जुना नियम आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो १/८० च्या आसपास जातो. फोटो पूर्ण मोठा करून तपासायचा असेल तर हा वेगही अपुरा पडतो. १/२०० किंवा त्याहून जलद वेग बरा. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

*फोकसची जाडी.* फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स एफ/१.४ वर ठेवून एक मीटरवरच्या चेहऱ्याचा फोटो काढला, तर फोकसमध्ये येणाऱ्या भागाची एकूण खोली सुमारे ३ सेंटिमीटर असते. ८५ एमएम एफ/१.४ असेल तर जेमतेम एक सेंटिमीटर. चेहरा किंचित तिरका असला तरी जवळचा डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येणार. फोटोग्राफर श्वास घेताना तसूभर पुढे झुकला, तरी फोकस नाकावर जाऊ शकतो. हा लेन्सचा दोष नाही, भूमिती आहे.

स्टॅनली कुब्रिक यांनी १९७५ च्या 'बॅरी लिंडन' चित्रपटात मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं झाइसच्या ५० एमएम एफ/०.७ लेन्सवर टिपली. फोकसची खोली इतकी कमी, की कलाकारांच्या हालचालींवर कडक बंधनं आली. जगातल्या अतिवेगवान लेन्सपैकी एक हाताशी असूनही अडचण हीच होती.

*फोकस घेण्याची पद्धत.* मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस घ्यायचा आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायची, ही सवय अनेकांना असते. एक मीटर अंतरावर कॅमेरा १५ अंश वळवला, तर डोळा फोकसच्या प्रतलापासून सुमारे साडेतीन सेंटिमीटर पुढे येतो. एफ/८ वर हे खपून जातं. एफ/१.४ वर डोळा गेलाच. त्यामुळे फोकस पॉइंटच डोळ्यावर सरकवणं किंवा मिररलेस कॅमेऱ्यातलं आय डिटेक्शन वापरणं चांगलं.

डीएसएलआरमध्ये आणखी एक गोम आहे. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना ऑटोफोकसचं मोजमाप कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला वेगळा सेन्सर करतो. त्याचा आणि मुख्य सेन्सरचा ताळमेळ किंचित चुकला, तर प्रत्येक फोटोत फोकस थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो. याला फ्रंट फोकस आणि बॅक फोकस म्हणतात. काही डीएसएलआरमध्ये ही चूक मेन्यूतून दुरुस्त करता येते. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही अडचण जवळपास उरत नाही.

घरच्या घरी चाचणी कशी करावी?

महागडा चार्ट लागत नाही. बारीक अक्षरांची वर्तमानपत्राची पानं, ट्रायपॉड आणि मोकळी भिंत एवढं पुरतं.

१. भिंतीवर एक पान मध्यभागी आणि चार पानं फ्रेमच्या चार कोपऱ्यांत येतील अशी सपाट चिकटवावीत. भिंतीवर भरपूर आणि सारखा उजेड हवा.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर दोन ते तीन मीटर अंतरावर ठेवावा. तो भिंतीला समांतर आहे की नाही, हे पाहण्यासाठी मधल्या पानावर छोटा आरसा सपाट टेकवावा. आरशात लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं, तर कॅमेरा सरळ आहे.

३. लेन्सवर फिल्टर असेल तर काढावा. स्वस्त यूव्ही फिल्टरमुळे कॉन्ट्रास्ट घटू शकतो आणि नाव लेन्सचं खराब होतं. स्टॅबिलायझेशन बंद करावं.

४. आयएसओ सर्वांत कमी ठेवावा, फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत आणि शटरसाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागणार नाही.

५. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून मधल्या अक्षरांवर हाताने फोकस करावा. मग एफ/१.८, २.८, ४, ५.६, ८ आणि १६ असे फोटो घ्यावेत. छिद्र बदलल्यावर फोकसची जागा किंचित सरकणं हा काही फास्ट लेन्सचा स्वभाव असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी त्या त्या छिद्रावर फोकस नव्याने घ्यावा.

६. एफ/१.८ वरचे फोटो एकापेक्षा जास्त घ्यावेत. प्रत्येक वेळी फोकस रिंग फिरवून फोकस मोडावा आणि पुन्हा घ्यावा.

७. शेवटी एफ/१.८ वरच ऑटोफोकसने दहा फोटो घ्यावेत, तेही प्रत्येक वेळी फोकस मोडून.

आता तुलना. लेन्सची कुवत तिच्या सर्वांत चांगल्या फोटोवरून ठरते, सरासरीवरून नाही. हाताने फोकस केलेला फोटो स्पष्ट आणि ऑटोफोकसचे दहातले सहा धूसर, असं असेल तर काच चांगली आहे आणि फोकस यंत्रणा गडबड करते आहे. दोन्ही सारखेच धूसर असतील, तरच संशयाची सुई लेन्सकडे वळते.

निकाल कसा वाचायचा?

*मध्यभाग.* एफ/१.८ वर किंचित मऊ, एफ/२.८ वर स्पष्ट आणि एफ/४ ते एफ/५.६ च्या सुमारास सर्वोत्तम, ही साध्या फास्ट प्राइमची नेहमीची चाल आहे. एफ/५.६ वरही मध्यभाग धूसर असेल तर काहीतरी नक्की बिघडलेलं आहे.

*कोपरे.* कोपरे मध्यभागापेक्षा कमी स्पष्ट असणं स्वाभाविक आहे. पण चारही कोपरे साधारण सारखे असायला हवेत. एकच कोपरा किंवा एकच बाजू जास्त धूसर असेल, तर लेन्समधलं एखादं भिंग मध्यापासून सरकलेलं किंवा कललेलं असू शकतं. याला डीसेंटरिंग म्हणतात. खात्री करण्याची युक्ती सोपी आहे. कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घ्यावा. धूसर भाग फोटोच्या त्याच बाजूला राहिला, तर दोष लेन्स किंवा कॅमेऱ्याचा. तो भिंतीवरच्या त्याच पानासोबत दुसऱ्या बाजूला गेला, तर कॅमेराच भिंतीला समांतर नव्हता.

*वक्र फोकस.* काही लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नसून बशीसारखं किंचित वक्र असतं. अशी लेन्स सपाट भिंतीच्या चाचणीत कोपऱ्यांत नापास होते, पण माणसांचे फोटो उत्तम काढते. कोपऱ्यावर वेगळा फोकस घेतला आणि तो स्पष्ट झाला, तर लेन्समध्ये बिघाड नाही.

*रंगीत कडा.* एफ/१.८ वर फोकसच्या पुढच्या भागात जांभळट-गुलाबी आणि मागच्या भागात हिरवट झाक दिसली, तर ते वर्णविपथन. फास्ट लेन्समध्ये ते नेहमी आढळतं आणि छिद्र लहान केल्यावर कमी होतं. यामुळे लेन्स सदोष ठरत नाही.

*एफ/१६.* छिद्र जितकं लहान तितका फोटो स्पष्ट, हा समज चुकीचा आहे. फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. हे विवर्तन. हिरव्या प्रकाशाचा ठिपका एफ/१.८ वर सुमारे २.४ मायक्रॉन रुंद होतो, तर एफ/१६ वर सुमारे २१ मायक्रॉन. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/१६ वर एक ठिपका तीनपेक्षा जास्त पिक्सेलांवर सांडतो. जगातली कोणतीही लेन्स याला अपवाद नाही.

१०० टक्के झूमचा सापळा

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एका वेळी १९२० पिक्सेल मावतात. तिथे फोटो १०० टक्के मोठा करणं म्हणजे सुमारे साडेपाच फूट रुंद छापील फोटो हातभर अंतरावरून न्याहाळणं. इतक्या जवळून लग्नाच्या हॉलबाहेरचा फ्लेक्सही कुणी पाहत नाही.

इन्स्टाग्रामवर साधारण १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो दिसतो. म्हणजे मूळ फोटो साडेपाच पटींनी आक्रसतो आणि एफ/१.८ चा हलका मऊपणा त्यात दिसेनासा होतो. ए४ आकाराच्या उत्तम छपाईलाही सुमारे पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. तेव्हा चाचणी १०० टक्क्यांवर करावी, पण लेन्स ठेवायची की नाही हे फोटो प्रत्यक्ष जिथे वापरायचा त्या आकारावर ठरवावं. मोठ्या प्रिंट विकणाऱ्याचा निकष वेगळा, मुलांचे फोटो मोबाइलवर पाठवणाऱ्याचा वेगळा.

कंपनीचे आलेख आणि रिव्ह्यू

लेन्सच्या वेबपेजवर एमटीएफ नावाचा आलेख असतो. आडव्या अक्षावर फोटोच्या मध्यापासूनचं अंतर, उभ्या अक्षावर ० ते १ असं कॉन्ट्रास्टचं प्रमाण. मिलिमीटरला १० रेषांचा वक्र एकूण कॉन्ट्रास्ट सांगतो, ३० रेषांचा बारीक तपशील. वक्र जितका वर आणि जितका सपाट, तितकं चांगलं.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. कॅनन आणि निकॉन यांचे आलेख लेन्सच्या रचनेवरून गणिताने काढलेले असतात, तर झाइस प्रत्यक्ष लेन्स मोजून आलेख देते. त्यामुळे दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून निवाडा करता येत नाही. दुसरं म्हणजे, एकाच मॉडेलच्या दोन लेन्स तंतोतंत सारख्या नसतात. अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्स या लेन्स भाड्याने देणाऱ्या कंपनीचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलच्या अनेक लेन्स यंत्रावर मोजून हा फरक दाखवून दिला आहे. रिव्ह्यू वाचताना म्हणूनच लक्षात घ्यावं, की बहुतेक वेळा तो एकाच लेन्सचा अनुभव असतो.

जुनी लेन्स घेताना

वापरलेल्या लेन्सच्या बाबतीत आणखी एक तपासणी लागते: बुरशी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळी दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. छिद्र पूर्ण उघडून, एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं पाहिलं, की जाळी किंवा पांढरट धुरकटपणा दिसतो. थोड्या बुरशीने तपशील फारसा बिघडत नाही, पण उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत कॉन्ट्रास्ट उतरतो. शिवाय ती पसरत जाते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवणं हा स्वस्त उपाय, आणि नियमित वापरणं हा त्याहून स्वस्त.

मग लेन्स परत कधी करावी?

ट्रायपॉडवर, हाताने काटेकोर फोकस करूनही एफ/५.६ वर मध्यभाग धूसर असेल, किंवा कॅमेरा उलटा केल्यावरही फोटोची एकच बाजू सातत्याने बिघडत असेल, तर वाट पाहू नये. शक्य असल्यास तीच लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहावी. दोष तिथेही दिसला, तर चाचणीचे फोटो जपून ठेवून मुदतीच्या आत लेन्स बदलून मागावी. ऑटोफोकस सातत्याने पुढे किंवा मागे पडत असेल तर आधी कॅमेऱ्यातली दुरुस्ती आणि मग सर्व्हिस सेंटर. फक्त एफ/१.८ वर हलका मऊपणा असेल आणि एफ/२.८ वर तो जात असेल, तर त्या लेन्समध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तिच्यासाठी जादा पैसे मोजून एफ/१.४ घेणाऱ्याला अर्ध्या स्टॉपपेक्षा थोडा जास्त प्रकाश मिळेल, पण फोकसची पट्टी आणखी अरुंद होईल.

ही संपूर्ण चाचणी सुटीच्या एका सकाळी आटोपते. ती लेन्स घरी आली त्याच आठवड्यात करावी, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो काढून झाल्यावर नाही.